चाकांवरचें बिऱ्हाड

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणारा रस्ता चितेगांवावरून जातो. फाल्गुनांत नाथषष्ठी जवळ आली कीं या रस्त्यानें दिंड्या चालूं लागतात. वारकऱ्यास कोणी पाणी देतो, कोणी भाकरी देतो, कोणी रात्रीपुरती आपली ओसरी झाडून देतो. हा उद्यां पुढें जाणार आणि यात्रा संपली कीं आपल्या घरीं परतणार, हें सर्वांस ठाऊक असतें. म्हणून त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. पण अशाच एखाद्या रस्त्याच्या कडेला, बाभळीखालीं, घिसाड्याचें पाल पडलें, भाता फुंकूं लागला आणि ऐरणीवर घणाचा ठोका बसला, कीं जवळच्या वस्तींतून बहुधा पहिला प्रश्न येतो तो विळ्याच्या किंमतीचा नव्हे, कीं कुऱ्हाडीच्या धारेचाही नव्हे. पहिला प्रश्न असतो, "कधीं उठणार?"

प्रवास करणें आणि प्रवासांतच संसार करणें या दोन गोष्टी बाहेरून पाहणारास सारख्या दिसतात. वास्तविक त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. प्रवाशाचें घर मागें असतें. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं प्रत्यक्ष अनुभवला, आणि परत आल्यावर कित्येक वर्षांनीं तो सर्व वृत्तांत लिहून काढला. "माझा प्रवास" या नांवानें तो १९०७ सालीं छापून निघाला. त्या सबंध हालअपेष्टांत वरसईचें घर आणि तेथें वाट पाहणारीं माणसें हाच भटजींचा आधार होता. ज्याच्या घरालाच चाकें आहेत, किंवा ज्याचें घर गाढवाच्या पाठीवर मावतें, त्याला मागें काय आणि पुढें काय! आपल्याकडे "विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर" असें म्हणतात, तें बहुधा हंसत म्हणतात. हंसणारा अर्थात् स्वतःच्या ओट्यावर बसलेला असतो.

अलीकडे असा संसार आपण होऊन पत्करणाऱ्यांचा एक वर्ग अमेरिकेंत वाढला आहे. राहतें घर विकून किंवा भाड्याची जागा सोडून हीं माणसें मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या घरांत बाराही महिने राहतात. तेथील हमरस्त्यांवर अशा गाडीची रुंदी सामान्यतः साडेआठ फुटांहून अधिक असूं शकत नाहीं. लांबी चाळीस फूट धरली तर आंत ३४० चौरस फूट जागा होते. तेवढ्यांत चूल, बिछाना, न्हाणी आणि शीतकपाट. छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे. आणि तळाशीं तीन टाक्या, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची व तिसरी मैल्याची. लाकडी पेटींत बाराखडीचे ठोकळे बसवावे तसा तेथें संसार बसविलेला असतो.

या मंडळींना लिहिण्याचाही मोठा सोस आहे. आज किती मैल झाले, तेलास किती पैसे गेले, बॅटरी किती उतरली, हें सर्व तीं नित्यनेमानें टिपून ठेवतात आणि चारचौघांपुढें मांडतात. घरीं बसून वाचणारा त्यांत डोंगर, सरोवरें आणि सूर्यास्त शोधतो, आणि तेही असतात, नाहीं असें नाहीं. परंतु लिहिणारा प्रामाणिक असेल तर पानोपानीं निराळीच कथा डोकावते. मैल्याची टाकी कोठें रिकामी करावी? आज रात्रीं गाडी कोठें उभी करावी? पहाटे दारावर पोलिसाची थाप तर पडणार नाहीं ना? पश्चिमेकडील प्रांतांत मध्यवर्ती सरकारची विस्तीर्ण मोकळी जमीन आहे. तिच्यावर एके ठिकाणीं सामान्यतः १४ दिवस तळ ठोकतां येतो, पुढें उठावें लागतें. म्हणजे चालण्याची गोष्ट म्हणून जी आपण वाचावयास घेतों ती वस्तुतः थांबण्याची गोष्ट असते. रस्ता सर्वांसाठीं मोकळा असतो. अडचण मुक्कामाची आहे.

आणि अडचण पत्त्याची. जो कोठेंच राहत नाहीं त्यानें मोटारीचा परवाना कोठून काढावा, टपाल कोठें मागवावें? त्यावर साउथ डाकोटा या राज्यानें एक तोड काढली आहे. टपाल घेऊन पुढें धाडणाऱ्या पेढीचा पत्ता आणि त्या राज्यांत एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखविली कीं परवाना हातीं पडतो. हजारों भटक्या कुटुंबांचें कागदावरचें गांव तें, जेथें तीं पुरती एकच रात्र निजलीं असतील. यांत हंसण्याजोगें पुष्कळ आहे. पण समंजसपणाही आहे. भटक्यास पत्ता नाहीं म्हणून त्याचें अस्तित्वच नाकारावयाचें, त्यापेक्षां ही एका रात्रीची पावती बरी.

जॉन स्टाइनबेक या विख्यात कादंबरीकारानें १९६० सालीं मालमोटारीवर लहानसें घर बसवून, त्याला डॉन किहोटेच्या घोड्याचें नांव देऊन, आपल्या कुत्र्यासह अमेरिकेची परिक्रमा केली, आणि १९६२ मध्यें तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. पुस्तक वाचनीय आहे. पण स्टाइनबेक गोडसेभटजींच्याच पंक्तींतला, त्याचें घर मागें शाबूत होतें. २०१७ सालीं जेसिका ब्रूडर या लेखिकेनें निघालेल्या पुस्तकांत मात्र मागें घर नसलेलीं माणसें भेटतात. २००८ च्या आर्थिक कोसळण्यांत ज्यांचें घर किंवा आयुष्याची शिल्लक बुडाली, अशीं कित्येक साठी उलटलेलीं स्त्रीपुरुष गाडीला घर करून मोसमी मजुरीच्या मागें देशभर फिरत होतीं. कधीं मोठ्या कोठारांतून मालाचीं पुडकीं बांधावयाचीं, कधीं तळांची झाडलोट करावयाची, तर शरदांत साखरेच्या बीटाच्या सुगीवर जावयाचें. या पुस्तकावरून निघालेल्या चित्रपटास २०२१ मध्यें ऑस्करचें सर्वोत्तम चित्रपटाचें पारितोषिक मिळालें. तेव्हां कोठें, स्वातंत्र्याचें हौशी जीवन म्हणून मिरविलें जाणारें हें बिऱ्हाड पुष्कळांच्या बाबतींत निरुपायाचें असतें, ही गोष्ट सुखवस्तु प्रेक्षकांच्या ध्यानांत आली.

बीटाची असो वा उसाची, साखर एकच. आणि तिच्यामागें धांवणारीं बिऱ्हाडेंही बरींचशीं एकाच जातीचीं. मराठवाड्यांत दसरा-दिवाळी उलटली कीं बीड, जालना आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीचीं कुटुंबें निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. रबरी धांवांच्या टायरगाडींत भांडीं, धान्य, लेंकरें आणि शेळी भरून हीं माणसें कारखान्याच्या तळावर जातात, पाचटाच्या कोप्या उभारतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून तेथें "एक कोयता" धरतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नांवानें करणारा हा हिशेब किती सहज रूढ झाला आहे! तरीही उसतोड्यास गांव आहे, पावसाळ्यापुरतें छप्पर आहे.

घिसाडी, कैकाडी, वडार, नंदीवाले यांच्या कित्येक पिढ्यांस तेंही नव्हतें. घिसाड्याचा राजस्थानी धंदेबंधु म्हणजे गाडिया लोहार. याचें घर म्हणजे अक्षरशः त्याची बैलगाडी. १५६८ सालीं चितोड अकबराच्या हातीं पडला तेव्हां यांच्या पूर्वजांनीं शपथ घेतली, कीं चितोड स्वतंत्र होईतों किल्ल्यावर पाऊल ठेवणार नाहीं, घरांत राहणार नाहीं, खाटेवर निजणार नाहीं, दिवा लावणार नाहीं, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. गाडीवर उलटी टाकलेली खाट ही त्या शपथेची खूण समजतात. १९५५ च्या एप्रिलांत पंडित नेहरूंनीं या लोकांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यांत नेलें, आणि शपथ फिटली असें जाहीर झालें. पण शपथ फिटली तरी गाडी सुटली नाहीं. कारण गाडी खालीं करावयास जमीन नव्हती, आणि कारखान्यांतले विळे-कुदळी बाजारांत आल्यावर ऐरणीवरची मिळकतही आटत गेली.

एके काळीं या फिरत्या लोकांवांचून राज्यकर्त्यांचें पान हलत नसे. १८०३ च्या सप्टेंबरांत हल्लींच्या जालना जिल्ह्यांत असईची लढाई झाली; त्या मोहिमेंत वेलस्लीच्या फौजेस धान्य पुरविणारे बंजारे होते. हजारों बैलांचा तो तांडा जेथें उतरे तेथून त्यास उठविण्याची कोणाची छाती नव्हती. पुढें आगगाडी आली, गोणींचा बैल निरुपयोगी झाला, आणि तांडे जागोजाग बसले. गरज होती तोंवर मुक्कामाची ददात नव्हती.

गरज सरल्यावर वह्या निघाल्या, आणि त्या पोलिसांच्या. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जन्मानेंच माणसास संशयित ठरविलें. नोंद झालेल्यानें हजेरी द्यावयाची, परवान्यावांचून हद्द सोडावयाची नाहीं. सोलापुरास तर कुंपण घातलेली वसाहतच होती. कायदा म्हणे हलूं नको, आणि गांव म्हणे थांबूं नको. या दोहोंच्या मध्यें माणसानें उभें तरी कोठें राहावें? हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला व या जमाती "विमुक्त" झाल्या. पोलिसांच्या वहीनंतर पंडितांचें पुस्तक. त्रिंबक नारायण आत्रे यांचा "गांव-गाडा" हा १९१५ चा ग्रंथ मराठींत अपूर्व आहे. त्यांत फिरस्त्यांविषयीं सविस्तर माहिती आहे, निरीक्षण बारीक आहे. परंतु पाहणारा कुणब्याच्या खळ्यावर उभा आहे, आणि त्याला फिरस्ता दिसतो तो खळ्यावर मागावयास आलेला भार म्हणून. आत्रे खोटें लिहितात असें नव्हे. ते एका बाजूनें लिहितात.

दुसऱ्या बाजूची वही मराठींत उघडावयास १९८० साल उजाडावें लागलें. लक्ष्मण माने यांचें "उपरा" त्या वर्षीं प्रसिद्ध झालें आणि पुढील वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक लाभलें. कैकाड्याचें बिऱ्हाड: गाढवावर लादलेला संसार, फोकांच्या टोपल्या-कणग्या, एका गांवाहून दुसऱ्या गांवास. पण या पुस्तकांतही रस्त्याचें वर्णन थोडें आणि मुक्कामाचें फार. या गांवीं उतरूं देतील काय, पाणी कोण घालील, शिळेंपाकें कोण वाढील, हीच रोजची चिंता. सगळ्यांत जीव अडकतो तो शाळेपाशीं. लिहितां-वाचतां न येणारा बाप मुलाला शाळेंत घालण्याचा हट्ट धरतो. मूल एका गांवीं अक्षरें गिरवूं लागतें तोंच बिऱ्हाड हलतें. शिकल्यावर तोच मुलगा जातीबाहेर लग्न करतो आणि जातही त्याला पारखी होते. अमेरिकेंतला भटक्या गाडीचें दार लावून घेऊन एकान्तांत लिहितो. हें पुस्तक जेथून आलें तेथें दारच नव्हतें. तरीही दोन्ही वह्यांत दुखणें एकाच जागीं निघावें, हें नवल आहे.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं भटक्या-विमुक्तांविषयीं आपला अहवाल दिला. महाराष्ट्रांत यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना झाली. तींत कुटुंबास पांच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचें घर देण्याचें ठरलें. अमेरिकन गाडीपेक्षां हें घर लहानच, पण याला पत्ता आहे. २०२१ मध्यें याच राज्यानें चाकांवरच्या घरांतून सहल करणाऱ्या पर्यटकांसाठींही धोरण आंखलें. त्यांच्या गाड्यांसाठीं तळ असावे, तेथें पाणी, वीज व शौचकूप असावे, असें त्यांत आहे. धोरण चांगलें आहे; सहलीस जाणाऱ्यानें स्वच्छ जागीं उतरावें यांत वावगें काय? मात्र असा तळ कसा असावा हें जर आपणांस इतकें नेमकें ठाऊक आहे, तर त्याच सोयींची चार गुंठे जागा घिसाड्याच्या पालासाठीं गांवोगांव आंखून ठेवण्यास कोणती विद्या कमी पडते, हें समजत नाहीं. पर्यटक आठ दिवसांचा पाहुणा असतो. घिसाडी पिढ्यांपिढ्यांचा आहे, आणि कित्येक खेड्यांतलीं खुरपीं त्याच्याच हातचीं आहेत.

मुलांपुरती कांहीं व्यवस्था झाली आहे. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. २०१० पासून शिक्षणाचा हक्क कायद्यानें अमलांत आला, आणि गांव सोडणाऱ्या मुलास शिक्षण हमी पत्रक देण्याची रीत पडली. तें दाखविलें कीं नव्या गांवच्या शाळेनें मुलाला वर्गांत बसवून घ्यावयाचें. उसतोड्याच्या मुलास तें उपयोगीं पडतें, कारण कोणत्या कारखान्यावर जावयाचें हें मुकादमाकडून अगोदर समजलेलें असतें. पालांतल्या मुलाचें तसें नसतें. गुरुजींनीं पत्रक लिहून हातीं दिलें आणि पुढचें गांव कोणतें म्हणून विचारलें, तर तें त्या मुलाच्या बापालाही सांगतां येत नाहीं. तें पुढच्या गांवावर अवलंबून असतें.