ताण रात्रीच्या पानावर बसतो



पत्रिकेवर माझा विषय 'ताणतणाव, आहार आणि चरबी' असा छापलाय. कॉर्टिसॉल म्हणजे काय, इन्सुलिन काय करतं, हे सांगत मी बसणार नाही. तुमच्या फॅमिली ग्रुपवरच्या काकांनी ते माझ्याआधी सांगितलेलं आहे. (हशा) मी एकच गोष्ट सांगायला आलोय आणि ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधूनच उठून जाणाऱ्यांचं नुकसान व्हायला नको. ताणाने पोट सुटतं, हे खरं आहे. पण आपल्याकडे तो ताण पोटापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा रात्रीच्या उशिराच्या जेवणातून. ताण कमी करणं आपल्या हातात फारसं नसतं. जेवणाची वेळ बरीचशी असते.

आमच्या घरी यावर 'झालं ह्यांचं सुरू' असं म्हणतात. तुम्हीही म्हणा, पण घरी गेल्यावर.

आधी ताणाची बाजू नीट मांडतो, नाहीतर मी विषय टाळला असं होईल. हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३२ साली काही रुग्णांचं एकत्र वर्णन केलं. चेहरा गोल, पोट मोठं, हातपाय मात्र काड्या. या आजारात शरीरात कॉर्टिसॉल बेसुमार वाढलेलं असतं. ज्यांनी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्यात, त्यांना आरशात हे थोडंफार दिसलेलं असेल. म्हणजे ताणाचं हे संप्रेरक चरबी पोटाकडे ढकलतं, याबद्दल वाद नाही. पोटाच्या आतली चरबी त्याचा हुकूम जास्त ऐकते, आणि त्या चरबीतून निघणारं रक्त थेट यकृतात जातं. मांडीवरची चरबी दिसायला वाईट. आतली चरबी वागायला वाईट.

आणि हा फक्त दुर्मीळ आजाराचा मामला नाही. लंडनमध्ये सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाचा. त्याच्या दुसऱ्या फेरीत दहा हजारांवर माणसं होती. चौदा वर्षांच्या पाठपुराव्यात कामाचा ताण ज्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आढळला, त्यांच्यात पोट, साखर, रक्तदाब, चरबी हे सगळं एकदम बिघडण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. ताण साहेबाला असतो अशी आपली समजूत. पण त्याआधीच्या फेरीतच दिसलं होतं की हृदयविकाराने खालच्या श्रेणीतली माणसं जास्त दगावतात. तिसऱ्या रांगेतले निवृत्त हेडक्लार्क फार जोरात मान हलवतायत. (हशा) हलवा. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं.

पण ताण तर इंग्रजालाही आहे. मग आपलं एवढं का बिघडतं? 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली आलेले आकडे सांगतात, की देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावर उभी असलेली १३ कोटी ६० लाख. यातली कितीतरी माणसं जाड दिसत नाहीत. इथे मला थोडं आडवाटेला जायला हवं. थोडंच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टर शर्टपँट घालून शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. कुठलाही विमा एजंट दोघांनाही हसत पॉलिसी देईल असा. मग यंत्राखाली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बीएमआय सारखा, चरबी दुपटीहून जास्त. फोटोखाली त्यांनी मिस्कीलपणे असंही लिहिलं होतं, की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं. (हशा) स्वतःच्या पोटाचा पुरावा जगापुढे ठेवायला धैर्य लागतं. मी माझा ठेवलेला नाही, शर्ट बाहेर ठेवलाय.

त्याच टिपणात आणखी एक गोष्ट होती, आणि ती विनोद नव्हती. जन्मताना याज्ञिकांचं वजन कमी होतं. त्यामागे मोठं काम आहे. १९९३ पासून त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची, त्यांच्या गरोदरपणातल्या खाण्याची आणि पुढे त्यांच्या बाळांची नोंद ठेवली. ती बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. एवढ्या फरकाने आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान असायला हवं ना? नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने पुष्कळ राखलेली. म्हणजे वरून रोड आणि आतून चरबीचं शरीर आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो. शेतात राबणारी, पोटाला चिमटा घेणारी ती आई. तिच्या बाळाचं शरीर उपासाची तयारी करून जन्माला येतं, आणि चाळिशीत त्याच्यापुढे रोज रात्री दहाला पाववडा येतो. याज्ञिकांच्या गावांबद्दल मी अजून...

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. (हशा) मुद्द्यावर येतो.

कातडीखालची चरबी म्हणजे आपलं कोठीघर. ते प्रशस्त असेल तर पोती निमूट आत राहतात. आपलं कोठीघर लहान. ते लवकर भरतं आणि मग पोती स्वयंपाकघरात येऊन पडतात, म्हणजे यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती. म्हणून वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. कमरेला टेप लावा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, तर काटा काहीही म्हणो, साखर तपासून घ्या.

आता रात्र. कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं असतं आणि रात्री उतरायला हवं. तेच ताट सकाळी खाल्लं तर साखर कमी चढते, रात्री खाल्लं तर जास्त. कारण झोपेची तयारी करणारं शरीर इन्सुलिन कमी सोडतं. बोस्टनमध्ये २०२२ साली झालेल्या एका प्रयोगात जाड्या माणसांना तेच अन्न, तेवढंच अन्न, फक्त सुमारे चार तास उशिरा दिलं. भूक वाढली, 'पोट भरलं' सांगणारं लेप्टिन उतरलं आणि शरीर जागेपणी कमी ऊर्जा जाळू लागलं. शिकागोत १९९९ साली तरण्याताठ्या पुरुषांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं. साखर पेलण्याची ताकद घटली, आणि संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल वरच राहिलं.

आता हे आपल्या घरात आणा. कामाचा ताण, म्हणून उशिरा सुटका. दुपारचा डबा घाईत अर्धा, म्हणून सहाला चहा आणि फरसाण. दहाला भरलेलं ताट, वर भात, कारण दिवसभर 'नीट जेवलोच नाही'. मग मोबाइल. बाराला झोप, सहाला गजर. दुसऱ्या दिवशी भूक जास्त, चिडचिड जास्त, ताण जास्त. ताण, ताट आणि झोप हे एकच चक्र आहे. ते कुठून मोडायचं? साहेब बदलता येत नाही, कर्जाचा हप्ता थांबत नाही. ताटाची वेळ हलते. एवढंच माझं म्हणणं.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली: 'बोस्टनच्या प्रयोगात सोळाच माणसं होती, त्यावरून काय ठरतं?' हे अक्षर स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकांचंच असणार. सर, सोळाच होती, मान्य. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर चाचणी झाली. सगळ्यांना कॅलरी मोजून कमी दिल्या, त्यातल्या निम्म्यांचं जेवण दुपारी चारला संपवलं. वजन दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं. म्हणजे वेळेत जादू नाही. जास्त खाल्लं तर लवकर खाल्लेलंही अंगावर बसतं. पण तिथे रोज मोजून खात होते. आपल्या घरात कोण मोजतं? न मोजणाऱ्या घरासाठी वेळ हे सगळ्यात सोपं कुंपण आहे. दुसरी चिठ्ठी: 'स्पेनमध्ये रात्री दहाला जेवतात, त्यांचं काय?' तिथे मुख्य जेवण दुपारचं, रात्रीचं हलकं. आणि स्पेनमध्येच झालेल्या अभ्यासात दुपारी तीननंतर जेवणाऱ्यांचं वजन, उपचार तेच असूनही, कमी उतरलेलं आहे. स्पेन माझ्या बाजूला बसतो. (हशा, टाळ्या)

एक किराणा दुकानदार माझ्याकडे येत. हातपाय बारीक, वजन बेताचं, कंबर भलती, साखर उंबरठ्यावर. उधारी थकलेली, गिऱ्हाईक ऑनलाइनकडे वळलेलं. शटर साडेनऊला खाली, जेवण साडेदहाला. मी सांगितलं, साडेसातला दुकानातच भाकरी, उसळ, कोशिंबीर खाऊन घ्या. ते तयार झाले. पत्नी तयार नव्हत्या. म्हणाल्या, 'डॉक्टर, दिवसभरात आम्ही एकत्र बसतो ते तेवढंच.' याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नव्हतं. शेवटी तोड निघाली ती अशी, की रात्री सगळ्यांबरोबर बसायचं, गप्पा मारायच्या, वाटीत ताक घ्यायचं. साखर खाली आली. उधारी तशीच आहे.

आणि पुरुषांनो, 'आता साडेसातला पान वाढ' असं घरी जाऊन फर्मावू नका. लोकलने आठला घरी पोचणाऱ्या बाईवर आणखी एक घड्याळ लादायला मी आलेलो नाही. घरात सगळ्यात शेवटी, सगळ्यात उशिरा, उरलेला भात संपवत तीच जेवते, हेही मोजा. कुकर लावणं पुरुषाला जमतं, मी खात्री करून घेतली आहे.

चिठ्ठी आली, 'दोन मिनिटं'. गोड पदार्थ, दारू, पाळीची नोकरी, मुलांच्या क्लासच्या वेळा, सगळं राहिलं. भरभर सांगतो. झोपण्याच्या तीन तास आधी जेवण संपवा. वेळ पाळता आली नाही तर उशिराचं ताट निम्मं करा, भात दुपारकडे सरकवा, वरण आणि भाजी ठेवा. सहाच्या फरसाणाऐवजी मूठभर दाणे-फुटाणे. जेवणानंतर दहा मिनिटं चाला. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नये, रात्री साखर एकदम उतरू शकते. हे वाक्य बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा.

आता शेवटचं, आणि ते मंडळासाठी. हे व्याख्यान सातला सुरू व्हायचं होतं. प्रास्ताविक, परिचय आणि सत्कार होऊन मी पावणेआठला उभा राहिलो. आत्ता नऊ वाजत आलेत, आणि बाहेर कढईत बटाटेवडे तळतायत, त्यांचा वास मला इथपर्यंत येतोय. घरी जाऊन तुम्ही पुन्हा जेवणार. म्हणजे आज या सभागृहातल्या सगळ्यांना मीच उशिरा जेवायला लावलं. तेव्हा माझी जाहीर मागणी आहे: पुढच्या वर्षी ही व्याख्यानमाला साडेपाचला सुरू करा आणि सातच्या आत संपवा. वार्षिक सभेत कुणीतरी ठराव मांडा. अनुमोदन माझं.