आपपरभाव आणि रक्ताचा कर्करोग : डॉ. डोनल थॉमस यांचे कार्य



आपले कोण आणि परके कोण, हे ओळखणे जसा मनाचा धर्म आहे, तसाच तो रक्ताचाही आहे. बाहेरचा जंतू असो वा दुसऱ्याच्या शरीरातील पेशी असो, रक्तातील पांढऱ्या पेशी तिला परकी म्हणून ओळखतात आणि तिच्यावर तुटून पडतात. ही आपली प्रतिकारशक्ती. रक्ताच्या कर्करोगात या रक्षकांचेच कूळ बिघडते. रोगट पेशी बेसुमार वाढतात. परंतु त्या घरच्याच असल्याने शरीराला त्यांचे परकेपण सहसा उमगत नाही. या रोगावर दुसऱ्याच्या मज्जेने उपाय करण्याचा ध्यास ज्यांनी आयुष्यभर घेतला, त्या डॉ. एडवर्ड डोनल थॉमस यांच्या कार्याचा हा परिचय.

थॉमस यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या मार्ट या लहान गावी, एका डॉक्टरांच्या घरी झाला. रक्त तयार होते ते हाडांच्या पोकळीतील मज्जेत. तेव्हा प्रखर किरणोत्सर्गाने रुग्णाची रोगट मज्जा नष्ट करावी आणि निरोगी दात्याची मज्जा शिरेवाटे द्यावी, अशी त्यांची योजना होती. शिरेतून दिलेल्या पेशी आपली वाट शोधीत हाडांत जाऊन वसतात, हे या उपचारातील नवल होय.

१९५७ साली त्यांनी पहिल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. अपयश झाकून न ठेवता त्यांनी ते विद्वानांपुढे मांडले. १९५९ साली जुळ्या भावंडांची मज्जा देऊन पाहिली. दोघांच्या पेशी एकसारख्या असल्याने मज्जा विनातक्रार रुजली. परंतु काही महिन्यांतच कर्करोग उलटला. उलटपक्षी, मज्जा फारच परकी असली तर तिच्यातील पेशी रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडी यांवर हल्ला चढवीत. मज्जा सर्वथा आपली असून भागत नव्हते आणि परकी असूनही चालत नव्हते. पुढील काही वर्षांत बहुतेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला.

थॉमस यांनी मात्र रुग्णांवरील प्रयोग आवरते घेऊन कुत्र्यांवर संशोधन चालविले. १९६३ साली ते सिअ‍ॅटल येथे गेले. पेशींची जात जुळणारी भावंडे निवडली आणि मज्जारोपणानंतर मेथोट्रेक्सेट हे औषध दिले, तर हा हल्ला आटोक्यात राहतो, असे त्यांच्या गटाला आढळले. या बळावर १९६९ मध्ये त्यांनी जुळत्या भावंडांची मज्जा रुग्णांना देण्यास आरंभ केला. १९७७ साली त्यांनी शंभर रुग्णांचा अहवाल दिला. त्यांपैकी तेरा जण एक ते साडेचार वर्षे रोगमुक्त होते. तेरा हा आकडा लहान वाटेल. पण या शंभरांपैकी कोणापाशीही दुसरा उपाय उरलेला नव्हता.

१९७९ साली सिअ‍ॅटलच्या गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. ज्या रुग्णांना परक्या मज्जेच्या हल्ल्याचा उपद्रव झाला, त्यांच्यात कर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी होते. जुळ्यांच्या बाबतीत जे कोडे पडले होते, त्याचे उत्तर येथे मिळते. नवी मज्जा केवळ रक्त पुरवीत नाही. तिच्यातील पेशी उरलेल्या कर्करोगपेशींना परक्या समजून नष्ट करतात. जी शक्ती रुग्णाला जाचते, तीच त्याला तारते. तिला आवर घालावा, पण तिचा नायनाट करू नये, ही तारेवरची कसरत या उपचारात आजही करावी लागते.

या साधनेत त्यांच्या पत्नी डॉटी यांचा वाटा मोठा होता. प्रयोगशाळेतील कामापासून शोधनिबंधांच्या संपादनापर्यंत त्यांनी भार उचलला. १९९० साली थॉमस यांना जोसेफ मरे यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

सिअ‍ॅटलची ही विद्या आपल्याकडेही आली. तेथे शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात एका लहान मुलीवर, तिच्या भावाची मज्जा देऊन, यशस्वी मज्जारोपण केले. पुढे याच विचाराला नवी शाखा फुटली. रुग्णाच्याच टी पेशींना प्रयोगशाळेत कर्करोगपेशी ओळखण्यास समर्थ करून त्या परत देण्याची उपचारपद्धती मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झाली. तिला २०२३ साली मान्यता मिळाली.

सख्ख्या भावंडाशी पेशींची जात पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. म्हणून अनेक रुग्णांना नात्याबाहेरील दाता शोधावा लागतो, आणि तो बहुधा आपल्यासारख्याच पूर्वजपरंपरेच्या लोकांत सापडण्याचा संभव अधिक असतो. आपल्या देशातही अशा दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत. नोंदणीसाठी गालाच्या आतील भागाचा नमुना पुरतो. निरोगी तरुण सभासदांनी या नोंदणीची चौकशी अवश्य करावी; कदाचित कोणा अनोळखी रुग्णाला वाचविणारी मज्जा आपल्यापैकीच कोणाच्या हाडांत असेल.