खाज थांबली, गजकर्ण नाही

(मोहल्ल्यातील आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला मधुमेहावर बोलायला सांगितले होते. मी म्हटले, मधुमेहावर सगळेच बोलतात. जांघेतल्या खाजेवर कोणी बोलत नाही. आता हसलात ना? हेच हसू दवाखान्याच्या दारातून माणसाला परत पाठवते आणि मेडिकलच्या काउंटरवर नेऊन उभे करते. तिथे नाव सांगावे लागत नाही, कपडा बाजूला करावा लागत नाही. "खाजेचं मलम द्या" म्हटले की ट्यूब हातात पडते.

त्या ट्यूबमध्ये काय असते ते आधी पाहू. बऱ्याचदा त्यात दोन, तीन, कधी चार औषधे एकत्र असतात. एक बुरशी मारणारे, एक-दोन जंतू मारणारी आणि एक स्टिरॉइड. यातले बुरशीनाशक कामाचे आहे. घोटाळा होतो तो स्टिरॉइडमुळे.

गजकर्ण रक्त खराब झाल्याने होत नाही. ती बुरशी आहे. कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तोच थर खाते. तिला घाम हवा, ऊब हवी, घट्ट कपडा हवा. शरीर तिच्याशी झुंजते, म्हणून लाली येते, आग होते, खाज सुटते. म्हणजे खाज ही बरीचशी आपल्याच राखणदाराची आरडाओरड असते. स्टिरॉइड त्या राखणदाराला झोपवते. पहिल्याच रात्री शांत झोप लागते आणि माणूस म्हणतो, काय जबरदस्त मलम आहे! बुरशी मात्र तिथेच असते, आणि आता तिला अडवणारे कोणी नसते. मलम बंद केले की आठवड्याभरात दुप्पट जागेत उगवते. पुन्हा तीच ट्यूब आणली जाते.

असे दोन-तीन महिने चालले की गजकर्णाची ओळखच पुसली जाते. गोल चकती, उठलेली कड, मधला भाग साफ, हे काही उरत नाही. ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी १९६८ मध्येच या प्रकाराला नाव दिले होते, टिनिया इन्कॉग्निटो. म्हणजे वेष पालटलेले गजकर्ण. मग डॉक्टरलाही नुसते पाहून सांगता येत नाही. कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ही तपासणी साधी आहे, दुखत नाही. डॉक्टरांनी सुचवली तर नाही म्हणू नका.

दुसरे नुकसान कातडीचे. जांघ, काख, स्तनांखालची जागा आणि चेहरा इथली कातडी पातळ असते. घडीत मलम दाबून राहते, जास्त शोषले जाते. महिनोन्महिने लावले तर कातडी कागदासारखी होते आणि गरोदरपणात पोटावर येतात तसे पट्टे मांडीवर उमटतात. ते कायमचे. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर मी असे पट्टे पाहते. चेहऱ्यावर लाली, पुरळ, लव. लग्न ठरले की "गोरं होण्यासाठी" म्हणून मुलींच्या हातात असलीच क्रीम दिली जाते, त्यावर एकदा वेगळे आणि रागावून बोलायचे आहे मला.

लहान बाळाला तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे मलम अजिबात लावू नका, विशेषतः लंगोटाच्या जागी. घट्ट लंगोट किंवा डायपर म्हणजे वरून बांधलेली पट्टीच. औषध रक्तात उतरते आणि बाळाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

मग ही मिश्र मलमे विषच आहेत का? तसे मी म्हणणार नाही. गजकर्ण आहे हे नक्की झाले, जागा फार सुजली आहे, आग असह्य आहे, अशा वेळी डॉक्टर सौम्य स्टिरॉइड असलेले मिश्र मलम थोडे दिवस देतात, आणि मग नुसत्या बुरशीनाशकावर आणतात. किती दिवस, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. तेवढेच दिवस लावायचे, उरलेली ट्यूब पुढच्या खाजेसाठी ठेवायची नाही, जावेला द्यायची नाही.

ट्यूब ओळखायची कशी? नावे वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टिरॉइडे. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीनाशके. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात, पण काम अगदी उलट. पहिले अतिशय तीव्र स्टिरॉइड आहे. जांघेच्या गजकर्णावर ते लावणे म्हणजे आगीत तेल. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. त्यात लाजायचे काही नाही.

किती लावायचे? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून निघणारी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून पातळ थर. वरून पट्टी नाही. डोळ्यांजवळ नाही. साधे बुरशीनाशक मात्र चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचे. लोक नेमके उलट करतात. स्टिरॉइड महिनोन्महिने आणि बुरशीनाशक चार दिवस.

ज्यांचे मलम महिनोन्महिने चालू आहे त्यांनी माझे ऐकून आज रात्री ते कचऱ्यात टाकून गप्प बसू नये. बंद केल्यावर आग आणि लाली उसळू शकते. घाबरून माणूस पुन्हा तेच लावतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सरकारी रुग्णालयात गेलात तरी चालेल, आणि किती महिने लावले ते खरे सांगा.

कायदा नाही असे नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमेही होती. पण काउंटरवर चिठ्ठी कोण मागतो? आणि गिऱ्हाईक तरी कुठे दाखवते? लूमवर बारा तास उभा राहणारा कामगार एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात रांग लावत नाही, हे मला कळते. पण आज वाचवलेली मजुरी पुढे सहा महिन्यांच्या औषधात जाते. आता तर आपल्याकडे अशी बुरशी पसरली आहे, जिला टर्बिनाफिनही अनेकदा दाद देत नाही. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये तिला नावच मिळाले, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आहे, यात अभिमान वाटावा असे काही नाही.

घरातल्या गोष्टी. एकाला असेल तर सगळ्यांना विचारा. नवऱ्याचे बरे झाले आणि बायकोने सांगितलेच नाही, तर ते परत येते. टॉवेल, आतले कपडे, चादर वेगळी. कपडे उलटे करून उन्हात वाळवा. जीन्स आणि घट्ट नायलॉन काही दिवस बाजूला. वजू झाल्यावर पायांच्या बोटांच्या बेचक्या स्वतःच्या रुमालाने कोरड्या करा. मशिदीत खुंटीला टांगलेला एकच टॉवेल सगळ्यांनी वापरायची पद्धत बंद करता आली तर फार बरे. आणि चट्टा वारंवार येत असेल तर साखर तपासा. बघा, आयोजकांचा मधुमेह आलाच शेवटी.

घरातली मलमे आणायला सांगितले होते, बऱ्याच जणींनी पिशवीत आणली आहेत. आता ती टेबलावर ठेवा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचे नाही त्यांच्यासाठी आतली खोली उघडी आहे, मी तिथे बसते.