निखळलेलं कोपर

भातलावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या निसरड्या बांधावर माणूस हात टेकून पडतो आणि कोपर निखळतं. त्याला मालीश अजिबात नको! स्नायूत हाड तयार होऊ शकतं, सांधा आखडतो. हात झोळीत बांधून शहापूरचं उपजिल्हा किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा. सांधा बसवल्यावर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कोपर वारंवार निसटत असेल, तर फाटलेला अस्थिबंध पुन्हा हाडाला जोडतात, किंवा बहुधा मनगटाकडचा, काढला तरी पकड न बिघडणारा स्नायूबंध तिथे बसवतात. १९७४ मध्ये अमेरिकेत डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या बेसबॉलपटूच्या कोपरावर अशीच स्नायूबंध बसवण्याची शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेनंतर ब्रेस आणि रोजचा व्यायाम. कामाची कितीही घाई असो, जड ओझं साधारण ४ ते ६ महिने नको. बोटं बधिर वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.