वस्तादाने राखून ठेवलेला डाव

(तरुणांसाठी ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेले भाषण)



सिनेमा संपला, उशीरही झालाय. मागच्या रांगेतल्या काहींचं लक्ष दाराकडं आहे, तेही मला दिसतंय. म्हणून थोडक्यात बोलतो.

ही गोष्ट लांबची नाही. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे. ज्यांना पाहून लहानग्या मुरलीला ऑलिंपिकचं वेड लागतं, ते खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वरचे. आजही एसटीनं एका तासात कराडहून इस्लामपूरला पोचता येतं. म्हणजे एका गावच्या पोरानं पदक आणलं आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या पोराला वाटलं, आपणही आणू. स्वप्न असंच पसरतं. त्याला फार मोठं शहर लागत नाही.

सिनेमा म्हटला की थोडं मीठमसाला आलंच. पण कणा खरा आहे. पेटकर सैन्यात ‘ईएमई’ विभागात होते. बॉक्सिंग खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यापाशी कायमची राहिली आणि पाय निकामी झाले. पोहणं त्यांच्या आयुष्यात आधी उपचार म्हणून आलं. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पडद्यावर विजय राजचा टायगर अली आला तेव्हा आपल्यातल्या काही पोरांनी शिट्ट्या मारल्या. नाव अली आहे म्हणून बरं वाटलं असेल. वाटू दे. पण घरी जाताना स्वतःला एवढंच विचारा: आपल्या मोहल्ल्यात टायगर अली आहे का?

‘प्रशिक्षक’ हा शब्द कागदावरचा. सातारा-सांगलीच्या तालमीत त्याला वस्ताद म्हणतात. आणि वस्तादाबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: तो पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःकडं राखून ठेवतो. पठ्ठ्या उद्या उलटला तर उपयोगी पडावा म्हणून, असं लोक सांगतात. हा सिनेमा पाहून मला वाटलं, तो राखलेला डाव वेगळाच असावा.

टायगर अली काय करतो बघा. पहिल्या भेटीत तो मुरलीला डोक्यावर घेत नाही. पोरगं टिकणार आहे का, हे आधी पाहतो. मग मेहनत करून घेतो. टोकियोत पोरगं चुकतं, हरतं, तेव्हा वस्ताद खवळतो. इथपर्यंत तो इतर कुठल्याही कडक मास्तरसारखाच आहे. खरा वस्ताद कळतो तो नंतर. पोरगं अंथरुणाला खिळलेलं असतं, घरचेही जवळ नसतात, आणि हा माणूस परत येतो. सहानुभूतीची फळं घेऊन येत नाही, काम घेऊन येतो. पाय नाहीत ना, हात आहेत. रिंग नाही ना, पाणी आहे. पोचायचं ठिकाण तेच ठेवतो, रस्ता तेवढा बदलतो.

हरल्यानंतर परत येणं हाच तो राखून ठेवलेला डाव.

आता आपलं बघू. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडं गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, फोटो. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण त्याच गल्लीत जो नापास झाला, त्याच्या घरी त्या आठवड्यात कोण जातं? कुणी नाही. तो चार दिवस घरात बसतो, पाचव्या दिवशी गॅरेजला नाहीतर बेकरीत कामाला लागतो. कामाची लाज नाही, हाताला काम असलेलं चांगलंच. पण पुरवणी परीक्षा असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शाळा सुटून वर्षं झालेल्या बहिणीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे तिच्या घरी कुणाला माहीत नसतं. पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेला पोरगा पुढच्या भरतीपर्यंत एकटाच पळत राहतो, आणि एक दिवस पळायचं थांबतो. बुद्धी कमी पडली म्हणून हे होत नाही. परत येणारं माणूस कमी पडलं.

खाशाबांचीच गोष्ट घ्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तिथं गोष्ट संपली असती. पण १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं, कांस्य. पुढचं यायला १९९६ साल उजाडलं. कॉलेजचे प्राचार्य कुस्तीचे डाव शिकवायला गेले नव्हते. तरीही त्या काळात खाशाबांचे वस्ताद तेही होते.

आणि हे जुन्या काळातच घडत होतं, असं समजू नका. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. वय अवघं १७. तिचे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांनी उसाच्या रानात सराव सुरू केला होता. चकाचक स्टेडियम मिळेल तेव्हा बघू, असं म्हणत ते थांबले नाहीत. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. हाच सचिन स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना शिकवतही होता. स्वतःची तयारी पूर्ण झाल्यावर मग दुसऱ्याला हात देईन, असा हिशोब त्यानं केला नाही.

जाता जाता आणखी एक. सिनेमात म्हातारे पेटकर तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातात, तेव्हा तुम्ही हसलात. पण त्या हसण्यामागं मोठं दुःख आहे. अर्जुन पुरस्कार त्यांना वेळेवर मिळाला नाही. २०१८ साली पद्मश्री मिळाली आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये. पदकानंतर बावन्न वर्षांनी! आपल्यालाही कधी वाटतं, आपली दखल घेतली जात नाही. काही वेळा ते खरंही असतं. अशा वेळी हक्क मागायचाच, अर्ज करायचा, पाठपुरावा करायचा. पण पेटकरांचं पदक आधी होतं आणि तक्रार नंतर, हे विसरू नका. तक्रार हातात ठेवा, पण सराव बंद पाडू नका.

म्हणून एकच काम सांगतो. आज इथून निघताना प्रत्येकानं मनात एक नाव धरा. गेल्या वर्षा-दोन वर्षांत जो हरला किंवा जी मागं राहिली, असं एक नाव. या आठवड्यात त्याच्या घरी जा. बहिणींनो, तुम्ही तुमच्या मैत्रिणीकडं जा. उपदेश करू नका. जाताना एक फॉर्म न्या, एक पुस्तक न्या, नाहीतर ‘उद्या सकाळी सहाला मैदानावर ये, मी पण येतोय’ एवढंच म्हणा. आणि तो नाही आला, तर दुसऱ्या दिवशी परत जा.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू. तेव्हा सिनेमा कसा वाटला, हे मी विचारणार नाही. कुणाकडं गेलात, ते विचारीन.

जेवण तयार आहे, चला.