वैमानिकाची परीक्षा आणि आपला खारा वारा

9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपीच्या माळावर आपल्या सिंधुदुर्गाचा विमानतळ सुरू झाला. डोक्यावरून विमान गेले की वर्गातला एखादा मुलगा, एखादी मुलगी विचारणारच, "गुरुजी, हे चालवायला काय शिकावं लागतं?" आज त्याच प्रश्नाविषयी थोडे बोलू.

पुष्कळांना वाटते की धाडस आणि पैसा असला म्हणजे झाले. पैसा लागतो, आणि फार लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. धंदेवाईक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण करावे लागते. परंतु त्याबरोबर लेखी परीक्षाही द्याव्या लागतात. दिशादर्शन, हवामान, हवाई नियम, विमानाचे तंत्र, असे हे विषय. प्रत्येकात शंभरात 70 गुण हवेत. एकात 95 मिळवले म्हणून दुसऱ्यातले 65 चालत नाहीत.

आपली मुले अडतात ती कुठे? सगळी पुस्तके इंग्रजीत, हे एक. त्याहून मोठी अडचण म्हणजे पाठांतर. बाजारात प्रश्नोत्तरांचे गठ्ठे मिळतात. मुलगा ते घोकतो. परीक्षेत आकडा बदलला की गडी गडबडतो. आणि समजा, घोकून पास झालाच, तर वर आभाळात त्याला कोण सांगणार?

एक उदाहरण बघा. विमानातले उंचीचे यंत्र हवेच्या दाबावर चालते. दाब 10 हेक्टोपास्कलने उतरला आणि वैमानिकाने यंत्र जुन्याच दाबावर ठेवले, तर विमान यंत्रात दिसते त्यापेक्षा सुमारे 300 फूट खाली असते. ढगात, डोंगराजवळ, हे 300 फूट म्हणजे प्राणाशी गाठ.

आता गंमत अशी, की यातले पुष्कळसे ज्ञान आपल्या दाराशीच आहे. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणारी होडी आठवा. उत्तरेचा वारा असला तर होडीवाला नाळ सरळ किल्ल्याच्या दरवाजावर धरीत नाही, थोडी उत्तरेला धरतो. वारा होडीला आपोआप दक्षिणेला ढकलतो आणि ती नेमकी दरवाजाशी लागते. विचारा त्याला, तो म्हणेल, "वारो खंयसून येता ता आधी बघ." दिशादर्शनाच्या पुस्तकातला पहिला धडा हाच. विमान ताशी 120 सागरी मैल जात असेल आणि आडवा वारा ताशी 20 मैलांचा असेल, तर नाक सुमारे 10 अंश वाऱ्याकडे वळवावे लागते. होडीवाला अंश मोजीत नाही, एवढाच फरक.

दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे आपल्या कोळीबांधवांना कोणी पुस्तकातून शिकवले नाहीत. हवामानाच्या परीक्षेत त्यांवरच प्रश्न येतात.

वेळेचे गणित घ्या. मालवण सुमारे साडेत्र्याहत्तर रेखांशावर, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशीवरची. अंतर 9 अंशांचे, अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 36 मिनिटे. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने 12 वाजून 36 मिनिटांनी. अंगणात काठी रोवून मुलांना हे दाखवता येईल.

शिक्षकबंधुभगिनींनो, म्हणून एवढेच करा. वाऱ्याची दिशा मुलांकडून सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून घ्या. शेजारी इंग्रजी शब्द लिहायला लावा. शब्द परका असला तरी वस्तू ओळखीची असली म्हणजे भीती जाते. मुलींना मागे ठेवू नका. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी 1985 साली सर्व स्त्री-कर्मचारी असलेले विमान चालवले होते.

आणि पालकांना एक विनंती. शेतजमीन किंवा होडी गहाण टाकण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या. त्यात अपात्र ठरला, तर पुढचा खर्च पाण्यात जाईल. तपासणीत उतरला, तर वर्षभर आधी गणित आणि पदार्थविज्ञान पक्के करा. पैसे त्यानंतर भरा.

यातला प्रत्येक मुलगा वैमानिक होईल असे नाही. पण घोकण्याऐवजी समजून घेण्याची सवय लागली, तर तो नांगरापाशी असो की होडीवर, ती त्याच्या उपयोगी पडेलच.