दहा माणसांची गणती



हर्सूल म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी इथलं मध्यवर्ती कारागृह आठवतं. पण गावात हरसिद्धी मातेचं देऊळ आहे, तलाव आहे, आणि मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात पाणी खेळवलं तेही याच बाजूने. सिनेगॉग मात्र इथे नाही. मग ज्यू परंपरेवरची परिषद हर्सूलमध्ये कशाला, असं काहींनी स्वागत समितीला विचारलं. त्यावर आमचं उत्तर एवढंच की हा विषय मराठी माणसाचा आहे, आणि मराठी माणूस हर्सूललाही राहतो.

दुसरा प्रश्न आला तो वाराचा. शनिवार-रविवार सोडून रविवार-सोमवार का? शनिवार हा रायगड, मुंबई आणि पुण्याहून आलेल्या आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, पाहुण्यांचा विश्रांतीचा दिवस, म्हणून. कोकणात घाणा चालवणाऱ्या त्यांच्या पूर्वजांनी शनिवारी बैल जुंपला नाही, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी धंद्याचा एक दिवस सोडला, त्यांच्यासाठी आपण परिषदेचा वार बदलणं ही काही मोठी गोष्ट नव्हे.

या समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ पाण्यात गेले. हिब्रू पुढे विसरली गेली, उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना. बारसं असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू तिथे आला. तो नक्की कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतं, कुणी अठराव्या शतकात आणतं. ही माणसं खरोखर आपली आहेत का, हे त्याने कसं ताडलं म्हणता? घरातल्या बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी ज्यू आहारनियमांत बसणारी, पर आणि खवले असलेली मासळी रांधायला घेतली, बाकीची बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना त्याने धर्मविधी शिकवले. ते पुढे काजी म्हणून ओळखले गेले.

ही कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हे अभ्यासक सांगतील. मला तिच्यातली साक्ष महत्त्वाची वाटते. ग्रंथ नव्हते, गुरू नव्हते, तरी धर्म टिकला तो चुलीपाशी. आणि गंमत पाहा, सार्वजनिक प्रार्थनेला दहा जण लागतात, त्याला मिन्यान म्हणतात, त्या दहांत पारंपरिक रीतीने बाईची गणती होत नाही. सुधारक पंथांनी ती सुरू केली आहे. कोकणाचा इतिहास पाहिला तर त्यांचंच बरोबर, असं मला वाटतं. पाहुण्यांनी रागावू नये.

पण दहांची ही अट मला फार मोलाची वाटते. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्यासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणायची तर मुलाला आणखी नऊ जण जमवावे लागतात. तो कितीही विद्वान असो, श्रीमंत असो, एकट्याचं चालत नाही. पैठणच्या परिसरातल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको: हरिपाठ घरी बसून म्हणता येतो, दिंडी एकट्याची निघत नाही.

परंपरेचं सातत्य म्हणजे जुनं जसंच्या तसं, असं मात्र या समाजाने कधी मानलं नाही. समाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग उभारलं. १८७४ मध्ये पुण्यात मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रात बिनखमिराची भाकरी लाटणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. बायबलातल्या कथा कीर्तनातून सांगितल्या गेल्या. नवस फेडायला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा होतो, त्यात पोहे, खोबरं, गूळ आणि फळं असतात. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदुरी शाळा झाली. या शाळेबद्दल जास्त बोललं पाहिजे. पुढे तिच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन होत्या. गावोगाव विखुरलेल्या, आडनावात पेण, रोहे, नवगाव घेऊन मुंबईत आलेल्या घरांना एकत्र बांधलं ते सिनेगॉगइतकंच या शाळेने.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे काय झालं? लग्न लावताना रब्बींनी त्यांच्याच ज्यूपणाची चौकशी मांडली. लोक आंदोलनाला उतरले, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. ग्रंथ हरवले तेव्हा कोकणातल्या शेजाऱ्याने जे कधी विचारलं नाही, ते स्वधर्मीयांनी विचारलं. तरी ही माणसं तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिली.

इकडे काही हजार लोक उरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, उशिरा दिला. अलिबाग, पनवेल, रेवदंड्याची सिनेगॉग उभी आहेत. भिंती रंगवायला निधी मिळतो. पण निधीतून दहा माणसं येत नाहीत. म्हणून या दोन दिवसांत वास्तूंबरोबर माणसांबद्दलही बोलावं, ही वक्त्यांना विनंती.

जेवण दोन्ही दिवस शाकाहारी आहे, म्हणजे मांस आणि दूध एकत्र येण्याचा प्रश्नच नाही. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.

आणि एक काम. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा एखाद्या जुन्या शेजाऱ्याकडे मराठी प्रार्थनापुस्तकं, कीर्तनाची बाडं, सणांच्या पाककृतींच्या वह्या असतील. त्या आम्हाला देऊ नका, फक्त त्यांची छायाचित्रं काढू द्या. नोंदणीच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी तीत नाव आणि गाव लिहून जा.